हॉटेलातलं केळवण

गिरगावची हवा मानवेना म्हणून आपण डोंबिवलीला आलो, असं आमचे नाना जन्मभर सांगत आले. खरं म्हणजे गिरगावात त्यांची प्रकृती ठणठणीत होती. मानवत नव्हता तो चाळीच्या मालकाचा स्वभाव. पण हवेचं कारण एकदा तोंडात बसलं ते बसलंच. डोंबिवलीत हवा भरपूर होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हवेशिवाय दुसरं काही नव्हतं, ही तक्रार होती. भाड्याच्या दोन खोल्या, मागे विहीर, पुढे भाताची खाचरं, दिवेलागणीला कंदिलाभोवती पाखरं आणि पावसाळ्यात ओसरीवर मुक्कामाला आलेले बेडूक. मुंबईहून कुणी पाहुणे आले की नाना त्यांना चहाच्या आधी अंगणात नेऊन उभे करायचे आणि श्वास घ्यायला लावायचे. "घ्या, घ्या, लाजू नका," असा आग्रह चालायचा, जसं काही ताटात श्रीखंडच वाढताहेत. पाहुणेही बिचारे छाती फुगवून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला यायचे नाहीत.

नानांचं दुसरं वेड भाजीचं. फोर्टातली कचेरी सुटली की ते वाट वाकडी करून भुलेश्वरला भाजी घ्यायचे आणि ती पिशवी मांडीवर सांभाळत घरापर्यंत आणायचे. आमच्या दाराशी रोज सकाळी जवळपासच्या गावांतल्या आगरी बायका पाट्या घेऊन यायच्या. दवात भिजलेली मेथी, कोवळा माठ, करंगळीएवढी भेंडी. पण "हवा इथली, भाजी तिथली" हे नानांचं सूत्र. म्हणजे आमच्याच शेजारच्या मळ्यातला दुधी पहाटे मुंबईला जात असणार आणि संध्याकाळी नानांच्या पिशवीतून, अंगावर नखांच्या खुणा आणि पोचे घेऊन, माहेरी परत येत असणार. त्या दुधीने मला तारुण्यात जेवढा त्रास दिला तेवढा कुठल्या माणसाने दिला नाही. सोमवारी दुधी, मंगळवारी पडवळ, बुधवारी पुन्हा दुधी, कारण मंगळवारी पडवळ खाताना नानांना दुधीची आठवण झालेली असायची. त्याच्या जोडीला रेशनच्या जाड्या तांदळाचा भात, त्याला एक कुबट वास. आई त्यात लवंग टाकून बघायची, लिंबू पिळून बघायची, आणि शेवटी "नाक दाबून खा" म्हणायची. अशात कुणी "आज जरा वेगळं काहीतरी बाहेरचं" एवढं जरी बोललं, तरी तिचं ठरलेलं उत्तर यायचं. "घरात काय नाही?" या प्रश्नाचं उत्तर मी एकदा खरोखरच द्यायला सुरुवात केली होती. दुसऱ्या पदार्थाचं नाव घेईपर्यंत तिने पळी उचलली.

आता माझी नात फोनवर बोट फिरवते आणि अर्ध्या तासात जेवण दारात येतं. ते आलं की ही डबा उघडून म्हणते, "शी, रोज तेच तेच." हिला एक महिनाभर नानांच्या हाताखाली द्यायला हवी होती, एवढंच मी मनात म्हणते.

मॅट्रिक झाल्यावर मी टायपिंग शिकले आणि ठाण्याच्या एका ऑफिसात चिकटले. "चिकटले" हा बापूमामाचा शब्द. बापूमामा हा आईचा धाकटा भाऊ. तो आमच्याकडे नोकरी शोधायला म्हणून आला होता आणि आमच्याच घरी चिकटला होता. ठाण्याला माझ्याबरोबर डोंबिवलीहून आणखी दोघी यायच्या. विमल टेलिफोनवर होती आणि कुंदा एका शाळेत बालवर्गाला शिकवायची. दोघी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी, आणि दोघींनीही मला सारखंच छळलं. विमलला काहीही ठरवता येत नसे. ऑफिस सुटल्यावर आम्ही बाजारातून एक चक्कर मारायचो. विमलला हव्या असायच्या साध्या केसांच्या पिना. त्यासाठी ती दुकानदाराला सगळी पेटी उपडी करायला लावायची, प्रत्येक पीन उजेडाकडे धरून बघायची, भाव पाडून घ्यायची, आणि दुकानदार पुडी बांधू लागला की म्हणायची, "राहू द्या, पलीकडे बघून येते." पलीकडे गेलं की अलीकडच्या पिना बऱ्या होत्या असं तिच्या लक्षात यायचं. मग पुन्हा त्याच दुकानात तोंड दाखवायला मला पुढे करायची. कुंदाचं नेमकं उलट. तिला काहीही विचारा, "तुम्ही म्हणाल ते" हे तिचं उत्तर. रिबन निळी घेऊ की हिरवी? तुम्ही म्हणाल ती. तलावावरून जायचं की बाजारातून? तुम्ही म्हणाल तसं. एकदा मी वैतागून म्हटलं, "कुंदे, तुला भूक लागली की नाही हेही आम्हीच सांगायचं का?" त्यावर ती गोड हसली. तिचा मुळी राग धरताच येत नसे, आणि त्याचाच जास्त राग येई.

तलावपाळीजवळ तेव्हा एक हॉटेल होतं. संध्याकाळी आम्ही तिथून जायचो तेव्हा नेमके बटाटेवडे तळणीत पडलेले असायचे आणि मिसळीच्या कटाचा वास रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्यापर्यंत यायचा. आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे, आणि त्या आरशांत खाणारी सगळी पुरुषमाणसं दुप्पट दिसायची. आम्ही कमावत्या मुली. ऑफिसात टाइपरायटर बडवायचा, शाळेत पोरं सांभाळायची, कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाची बोलणी जुळवायची, एवढं सगळं आम्हाला चालत होतं. पण एक वडा खायला खुर्चीवर बसायचं म्हटलं की प्रश्न यायचा. एकदा विमलने कधी नव्हे ते ठरवून टाकलं आणि आम्ही तिघी आत शिरलो. गल्ल्यावर काळ्या टोपीतले मालक होते. त्यांनी आमच्या मागे दाराकडे पाहिलं.

"गृहस्थ मागून येताहेत का?"

"कोण गृहस्थ?" विमल म्हणाली.

"बरोबरचे."

"बरोबर कुणी नाही. आम्हीच आहोत."

"मग कसं जमायचं?" मालक अगदी सौम्यपणे म्हणाले. "बाहेर जेन्ट्स बसतात. आत फॅमिली रूम आहे, पण ती फॅमिलीसाठी. तुम्ही नुसत्याच बायका."

आम्ही परत फिरलो. रस्ताभर मी बडबडत होते. फॅमिली म्हणजे काय, आणि एक मिशीवाला बरोबर असला की तीच बाई फॅमिली कशी होते, आणि नसला की ती नुसतीच बाई का? कुंदा म्हणाली, "जाऊ दे ना गं. घरी करू वडे." मला तिला तलावात ढकलावंसं वाटलं.

त्याच सुमाराला कुंदाचं लग्न ठरलं. मुलाचं घर कल्याणला, पण नोकरी जबलपूरला. कुंदाला मुलगा आवडला का, असं आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काका म्हणाले, चांगला आहे." तिला वडील नव्हते, काकाच सगळं बघायचे. ते रिटायर्ड मास्तर, शिस्तीचे, घड्याळाच्या काट्यावर चालणारे. लग्न ठरलं तशी शाळेची नोकरी सुटायची होती, आणि मग कुंदा जबलपूरला. तोपर्यंत जबलपूर हे माझ्या लेखी भूगोलाच्या पुस्तकातलं गाव होतं. ते एकदम एवढं लांब असेल याची मला कल्पना नव्हती. त्यातून केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या मुलीला नातेवाइकांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलावून गोडाधोडाचं जेवू घालायचं, ही रीत चांगलीच आहे. पण कुंदा रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी रांगोळी काढलेल्या पाटावर बसायची, भोवती सतरा बायका बसून तिला सासरी कसं वागावं ते शिकवायच्या, आणि आम्हाला मात्र तिच्याशी धड बोलायलाही मिळायचं नाही. आमच्या आईनेही तिला बोलावलं. मी शेजारी बसले होते, पण आईने आग्रह करकरून तिच्या तोंडात इतकी पुरणपोळी कोंबली की बोलण्याचा प्रश्नच आला नाही.

तेव्हा मी जाहीर केलं की आम्ही मैत्रिणी कुंदाचं केळवण करणार, आणि ते हॉटेलात करणार. मग आई म्हणाली, "केळवण आणि हॉटेलात? लोक म्हणतील, हिच्या घरची चूल मोडली की काय!" नाना म्हणाले, "हॉटेलात मुलींनी बसायचं नसतं." मी म्हटलं, उभ्याने खाऊ. ते आणखीच भडकले. दोन दिवस मी नानांच्या दुधीला हात लावला नाही. मला वाटतं, माझ्या उपासापेक्षा दुधीचा अपमान त्यांना जास्त लागला. शेवटी "जा काय ते एकदाचं" असं त्यांच्या तोंडून निघालं. विमलच्या आणि कुंदाच्या घरीही असंच काही होऊन परवानगी मिळाली. फॅमिली रूमसाठी विमलने एक युक्ती काढली होती. तिच्या टेलिफोनवरचा एक म्हातारा हेडक्लार्क आम्हाला आत बसवून देणार आणि चहा पिऊन निघून जाणार. म्हणजे आम्ही तिघीच. कुंदा जाण्याआधी एकदा, कुणीही न शिकवता, न कोंबता, आमच्या आम्ही बसून खाणार आणि बोलणार. मला दुसरं काही नको होतं. काय खायचं हे आम्ही आठवडाभर ठरवत होतो. विमलने ते रोज बदललं.

त्या शनिवारी आम्ही हॉटेलशी पोचलो, तर दाराशी बापूमामा उभा. डोक्याला तेल, अंगात नानांचा कोट.

"तू इथे कसा?" मी विचारलं.

"सहज," तो म्हणाला. "नाना म्हणाले, लांबून लक्ष ठेव. तुम्ही मला ओळख देऊ नका. मी लांब बसेन."

एवढ्यात विमलचा थोरला भाऊ रस्ता ओलांडून आला. तो बँकेत होता आणि केसांना सुगंधी ब्रिलियंटाइन लावून स्वतःच्याच वासात वावरायचा. "मी सहज आलेलो इकडे," तो म्हणाला. "आई म्हणाली, मुली एकट्या नकोत." आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत छत्रीचं टोक आपटत कुंदाचे काका आले. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं आणि म्हणाले, "वेळेवर आलात. चला." प्रत्येक घराने दुसऱ्याला न सांगता आपापला एक गृहस्थ पाठवला होता. विमलचा हेडक्लार्कही लांबून येताना दिसला, पण एवढे गृहस्थ पाहून तो तिथूनच परत वळला. तोच एक शहाणा.

मालकांना मात्र आनंद झाला. मागच्या वेळी एकही गृहस्थ नव्हता, आता तीन. त्यांनी स्वतः उठून फॅमिली रूमचा पडदा बाजूला केला. आत लाकडी आडोसा घालून केलेल्या खोपट्यात एकच टेबल रिकामं होतं आणि त्याला चार खुर्च्या. काकांनी छत्री एका खुर्चीवर ठेवली आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. विमलचा भाऊ बसला. बापूमामाने काकांना विचारलं, "आपण मूळचे कुठले?" काका म्हणाले, "देवरुखजवळचे." "काय सांगता! माझी मावशी देवरुखची," म्हणत बापूमामाही बसला. मावशीच्या सासरचं कोण काकांच्या शाळेत होतं ते निघालं, मग विमलच्या आत्याचं त्याच घराण्यात काहीतरी लागतं असं निघालं. तिघांना इतका आनंद झाला की आम्ही उभ्या आहोत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग काकांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "आता असं करू. आधी आम्ही पुरुषमाणसं आटपून घेतो. मग तुम्ही निवांत बसा. घाई नाही."

म्हणजे हॉटेलातसुद्धा पहिली पंगत पुरुषांची! मला आजही हे लिहिताना कपाळावर हात मारावासा वाटतो, पण त्याहून संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. आम्ही उभ्या राहिलो. पडद्याला पाठ लावून आम्ही तिघी ओळीने उभ्या राहिलो, आणि वड्यांच्या बशा आल्या तशी विमलने आपण होऊन तांब्या उचलला आणि पेल्यांत पाणी ओतलं. "काका, चटणी हवी का?" असंही मी विचारलं. मीच! कुणी सांगितलं नव्हतं. खाणारे पुरुष दिसले की आमचे हात आपोआप वाढायला लागत. "यांना अजून एक पाव आण," असं विमलने वेटरला सांगितलं. बापूमामा मिसळीचा भुरका मारून म्हणाला, "वा! शरयू, केळवणाची कल्पना तुझी छान हं." आणि जिचं केळवण, ती कुंदा, काकांची छत्री हातात घेऊन उभी, कारण खुर्ची बापूमामाला पाय ठेवायला हवी होती.

तिने ती छत्री माझ्या हातात दिली. मला वाटलं, हात अवघडला असेल. ती पडदा सारून बाहेर गेली. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाहेरच्या मोठ्या खोलीत, खिडकीजवळच्या संगमरवरी टेबलाशी ती जाऊन बसली होती. पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर. आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे थांबले. मी आणि विमल धावत तिच्याजवळ गेलो, तर आमच्या आधी मालक पोचलेले.

"बाई, इथे बसता येणार नाही. इथे जेन्ट्स बसतात."

कुंदा म्हणाली, "मग त्यांना आत पाठवा. आतसुद्धा सगळे जेन्ट्सच बसलेत."

कोपऱ्यातला एक म्हातारा खो खो हसला. मालकांनी आतल्या पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि गल्ल्यावर जाऊन बसले. "अगं, बसा ना," कुंदा आम्हाला म्हणाली. आम्ही बसलो. खांद्यावर फडका टाकलेला वेटर आला, त्याने टेबल पुसलं आणि विचारलं, "काय आणू, ताई?" आणि जिने जन्मात "तुम्ही म्हणाल ते" याखेरीज उत्तर दिलं नव्हतं, ती कुंदा म्हणाली, "मला मिसळ. तिखट. वर शेव जास्त. आणि वडे मागाहून, मिसळीबरोबर नकोत." मी वडे सांगितले. विमलने मिसळ सांगितली, मग वडे, मग पुन्हा मिसळ.

ते यायच्या आधी कुंदा एकदम म्हणाली, "जबलपूरला माझं कुणीच नाही गं." ती ते बातमी सांगावी तसं म्हणाली. मला रडू आलं आणि मी रडले. मिसळ तिखट आहे असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण ती अजून आलीच नव्हती. विमल म्हणाली, आपण येऊ तिकडे. येणार नव्हतो, हे तिघींना माहीत होतं. मग मिसळ आली, वडे आले, आणि आम्ही खाल्लं आणि भरभरून बोललो. काय बोललो ते आज विचाराल तर काही सांगता येणार नाही. विमलची सुपरवायझर, कुंदाच्या वर्गातला रोज दप्तर हरवणारा मुलगा, कुठल्याशा साडीचा काठ. फालतू गोष्टी. पण मधे कुणी नव्हतं, आणि कुणाला काही वाढायचं नव्हतं.

पडदा सरकला आणि तिघे गृहस्थ बाहेर आले. काकांचा चेहरा लालबुंद झाला. "कुंदे, ऊठ. आधी ऊठ. चव्हाट्यावर बसलीस? कल्याणला कळलं तर ठरलेलं मोडेल."

"मोडलं तर मोडलं," कुंदा म्हणाली. "आमचा चहा यायचाय."

ती हे अगदी शांतपणे बोलली. पण टेबलाखाली तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. चहा आला. आम्ही तो बशीत न ओतता, कपाने, सावकाश प्यायलो. तेवढा वेळ तिघे गृहस्थ टेबलाशेजारी उभे होते, कारण बाहेर एकही खुर्ची रिकामी नव्हती.

लग्न मोडलं नाही. कल्याणला कळलं, कारण दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून काका स्वतःच धावत जाऊन सांगून आले. मुलाचे वडील म्हणाले, "आता जबलपूरला कुठलं आलंय हॉटेल!" आणि विषय संपला. कुंदा गेली. नंतर माहेरपणाला यायची तेव्हा विमलचं कुठलं तरी मूल तापाने आजारी असायचं, किंवा मी बाळंतीण, किंवा काही. आम्ही तिघी पुन्हा एका टेबलाशी कधीच बसलो नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं तेव्हा माझी चिडचिड होते. घरातले म्हणतात, आजीला आज काय झालंय?

पण त्या दिवशी घरी जे व्हायचं ते झालंच. बापूमामाने तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. नाना ओसरीवर येरझारा घालू लागले. "पुरुषमाणसं उभी आणि या खुर्च्यांवर! चारचौघांत! यापुढे या घरात हॉटेलचं नाव काढायचं नाही." मी काही बोलायला गेले तर त्यांनी मला "गप्प बैस" म्हणून सांगितलं. आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "हात धुवा. पानं घेतलीत." नाना जेवले. बापूमामाही जेवला, तासाभरापूर्वी मिसळ खाऊन आला होता तरी. मला वाटलं, आई आता माझ्यावर स्वतंत्रपणे उखडणार आहे. पानं उचलल्यावर मी खरकटं काढत होते तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथे वाढतं कोण?"

"वेटर असतो."

"मग तो काय, पंगतीसारखा सगळ्यांना सारखंच वाढत जातो?"

"नाही गं. आधी येऊन विचारतो, काय आणू म्हणून."

"कुणाला विचारतो?"

"जो बसलाय त्याला. आम्हा तिघींना वेगवेगळं विचारलं. विमलने तर दोनदा बदललं."

आईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "आणि तो चिडला नाही?"

"नाही. तू गेलीस तर तुलाही विचारील. काय सांगशील?"

आई विचारात पडली. मग म्हणाली, "यांना वडा नको, पित्त होतं. बापूला मिसळ सांगेन. तुला—"

"अगं आई, आम्ही कुणी नाही आहोत तिथे! तू एकटी बसली आहेस. तुला काय हवं?"

"मला मेलीला काय, काहीही चालतं."

"काहीही नावाचा पदार्थ नसतो!" मी ओरडले. दिवसभराचा सगळा वैताग त्या एका वाक्यात निघाला. ओसरीवरून नानांनी "काय चाललंय?" असं विचारलं. आई म्हणाली, "काही नाही," आणि माझ्या हातात राखेची वाटी दिली. "ओरडू नकोस. भांडी घास." मी ती इतक्या जोराने घासली की कल्हई निघायची बाकी राहिली. या बाईपुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले. नाना विहिरीवर मोठमोठ्याने स्तोत्र म्हणत अंघोळ करत होते. मी चपला घालून अंगणात उतरले तशी आई डबा घेऊन मागे आली. डबा हातात दिला, तरी ती आत जाईना. विहिरीकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कांद्याची भजी."

"काय?"

"तो विचारील तेव्हा. कांद्याची भजी. पण आधी तळून ठेवलेली नकोत म्हणावं. मी बसल्यावर तळायला घ्यायची."